खंडेनवमीला बंद असलेलं मशीन

"बेलापूर गटाच्या सगळ्या ऊसनोंदी पुसल्यात. आन् पुसनारा घरातलाच हाय. तुमी आजच्या आज या."

फोनवर कारखान्याच्या चेअरमन मनकर्णाताई होत्या. यामिनी नगरच्या आपल्या ऑफिसात चहा पीत होती. पतसंस्था असो, दवाखाना असो, कुणाचा डेटाबेस बिघडला की तिला बोलावणं यायचं. असल्या फोनने ती हलत नसे.

"संशय कुणावर आहे?"

"संशय कसला, पुरावाच हाय. आमचे शामकांतसाहेब. तुमी वळखत असाल."

वळखत असाल! यामिनीने कप खाली ठेवला.

तिची पहिली नोकरी याच कारखान्यात, याच माणसाच्या हाताखाली. एकदा शामकांतांनी भलताच हुकूम चालवून कामगारांच्या पगाराची माहिती उडवली आणि चूक लेखी लावली तिच्या नावावर. ती गेली, साहेब राहिले. त्यानंतर दोन वर्षं कोपरगावपासून जामखेडपर्यंत कुणी तिला मशीनला हात लावू दिला नाही. हा राग तिने कधी विझू दिला नव्हता. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं आज झालं होतं. कोपरगावच्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा ती चक्क गुणगुणत होती.

मनकर्णाताईंनी केबिनमध्ये थोडक्यात सांगितलं. गळीत हंगाम तोंडावर आला होता. लागवडीच्या नोंदीप्रमाणे शेतकऱ्याला ऊसतोडीची पाळी मिळते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक विभाग उघडला, तर बेलापूर गटाचं पान कोरं.

"नोंदी आमी फिरून घिऊ. शेतं काय पळून जात न्हाईत," ताई म्हणाल्या. "पर मानसाचं काय? संध्याकाळी संचालकांची बैठक हाय. फौजदार सविताबाई येनार. तुमी अहवालावर सही केली की साहेब कोठडीत."

"आणि नाही केली तर?"

"तुमी खोटं सांगनार न्हाई, म्हून तर बोलावलं. गंधारनं सुचवलं तुमचं नाव. म्हनला, त्यांच्याइतकं खोलात कुनी जात न्हाई."

एका सहीवर एका माणसाची उरलेली अब्रू लटकली होती, आणि ती सही यामिनीची होती. तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

संगणक विभागाच्या दारातच झेंडूचा सुकलेला हार टांगलेला होता. आत एक नंबरच्या सर्व्हरवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली आणि समोरच्या पाटावर काजळी धरलेली समई.

"सर्व्हरच्या खोलीत समई?" यामिनी किंचाळायचीच राहिली.

"पद्धत आहे मॅडम," गंधार ओशाळून म्हणाला. हा शामकांतांचा सध्याचा सहायक. तिशीचा, सडसडीत, नम्र. "खंडेनवमीला यंत्राची पूजा होते. त्या दिवशी आणि दसऱ्याला एक नंबरला विश्रांती. आधी मशीन बंद करायचं, मग हार घालायचा. चालत्या मशीनला आम्ही हार घालत नाही. आणि समई दसरा संपेपर्यंत विझू द्यायची नाही."

"आणि सुरू केव्हा केलं?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. हार काढून दाराला टांगला, मग बटण दाबलं. साहेब, करण, सगळे समोर होते."

"बाकीची दोन मशीनं?"

"दोन नंबर बेलापूरच्या गट ऑफिसात, तीन नंबर नगरच्या ऑफिसात. ती चालूच असतात. तिन्हींत तीच माहिती. तीन पंच बसल्यासारखं आहे. दोघांचं एकमत झालं की गोष्ट खरी. तिसरा गैरहजर असला तर परत आल्यावर त्या दोघांकडून राहिलेलं ऐकून घेतो."

"हे मला माहीत आहे. एकटाच पंच उरला तर?"

"तर तो गप्प बसतो. फारच आणीबाणी असली तर त्याला हाताने प्रमुख करता येतं. मग तो म्हणेल ते बाकीच्यांनी मुकाट मान्य करायचं. पण आम्ही तसं कधी केलेलं नाही."

"बॅकअप?"

गंधारने मान खाली घातली. "साहेब म्हणतात, तीन ठिकाणी प्रत आहे, आणखी कशाला."

यामिनी हसली. तिन्ही प्रती एकमेकींचं ऐकतात. एकीत पुसलं की तिघींत पुसलं जातं. ज्याला एवढंही कळत नाही तो विभागप्रमुख!

पुरावा पडद्यावर होता. पुसण्याचा हुकूम शामकांतांच्या नावाने, नगरच्या तीन नंबरवरून, खंडेनवमीच्या दुपारी. आणि त्या दुपारी शामकांत नगरच्याच ऑफिसात होते.

सवयीने तिने एक नंबरचं पुढचं झाकण काढलं. आतल्या धुळीच्या जाळीला झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या, चपट्या, गच्च. तिने बोटाने एक खरवडली.

"पूजा झाली की हे असंच, मॅडम," गंधार म्हणाला.

तिने झाकण लावून टाकलं.

देखरेखीच्या पडद्यासमोर करण बसायचा. मनकर्णाताईंचा पुतण्या. त्याच्या पोटात काही राहत नसे.

"लई बरं झालं," तो म्हणाला. "साहेबांनी आमचा लई छळ मांडल्याला."

"मशीन बिघडलं की धोक्याची घंटा वाजते ना?"

"वाजती की. पर एक नंबरची घंटा पूजेच्या दिवशी बंद ठेवतो. मशीनच बंद, मग ती उगं बोंबलत ऱ्हाती. साहेबांनीच सांगितल्यालं. दरसाल असंच."

"खंडेनवमीच्या दुपारी तू कुठे होतास?"

"गावाकडं. आमच्यात त्या दिशी बोकड असतंय. सगळी भावकी हुती, विचारा कुनालाबी."

खोलीच्या दारावरचा पहारेकरी भीमा. त्याला तिने एकच विचारलं.

"पूजा झाल्यावर दोन दिवसांत या खोलीत कोण गेलं?"

"कुनीबी न्हाई म्याडम. कुलूप लावलं आन् चावी माझ्या कनवटीला. कामाला कुनी आलंच न्हाई, सुट्टी हुती."

मग ती गेस्ट हाऊसवर गेली. बाहेर एक पहारेकरी बसवलेला. आत शामकांत खिडकीशी उभे होते. केस पिकले होते, पण ताठा तोच.

"तू?"

"हो. मी."

ते खुर्चीत बसले. बसले कसले, कोसळले.

"खंडेनवमीला नगरला कशाला गेला होतात?"

"तिथल्या मशीनची पूजा दरवर्षी मीच करतो. दुपारभर तिथेच होतो. वीस माणसांनी पाहिलंय."

"तुमचा पासवर्ड कुणाला माहीत आहे?"

"गंधारला, करणला. टाइप करत बसणं माझं काम नाही. पोरं टाकतात."

"बेलापूरच्या शेतकऱ्यांनी सभेत तक्रार करून तुमची नोकरीतली मुदतवाढ अडवली. खरं?"

"खरं."

"राग आला?"

"आला! पण म्हणून मी त्यांचा ऊस वाळवीन? यामिनी, तू मला ओळखतेस."

"ओळखते, शामकांतराव. म्हणूनच तुम्ही हे म्हणायला नको होतं."

तिने त्यांना 'सर' म्हटलं नाही. ते त्यांना लागलं, आणि लागलेलं तिला दिसलं. ती जिना उतरली तेव्हा पाऊल हलकं पडत होतं.

केबिनमध्ये तिने अहवाल लिहून काढला. नाव, मशीन, दिवस, कारण, सगळं एका ओळीत बसत होतं. इतकं नीट बसलेलं प्रकरण तिने क्वचितच पाहिलं होतं. सहीसाठी पेन उघडलं आणि फोन वाजला.

"म्याडम, मी दिशा. बेलापूर गटाची कृषी सहायक. नोंदी परत चढवायच्या म्हनत्यात, तर माझी मुहूर्ताची नोंदबी त्यात धरा. आमच्यातल्या शेतकरी रतनबाईंची हाय. त्या ऐकायच्या न्हाईत."

"कसली मुहूर्ताची?"

"दसऱ्याच्या मुहूर्तावर लोक हौसेनं एखादी नोंद करत्यात. ऑफिस बंद असतंय, पर आमी गुपचूप उघडतो. हेड ऑफिसला म्हाईत न्हाई. तुमी सांगू नका हां."

यामिनीने पेन खाली ठेवलं.

"दसऱ्याला? तेव्हा गटाच्या बाकीच्या नोंदी दिसत होत्या?"

"व्हय की. सगळ्या हुत्या. रतनबाईंना दाखवल्याबी."

"आणि आता रतनबाईंची नोंद नाही?"

"त्याच पानासंगं गेली."

यामिनीने बोटांवर दिवस मोजले. नोंदी पुसल्या खंडेनवमीला. रतनबाईंची नोंद झाली दसऱ्याला. जे जन्मलंच नव्हतं ते मेलं कसं?

तिने राहाता गटाला फोन लावला. त्या गटाला तर कुणी हातही लावला नव्हता. तिथली कृषी सहायक मोनिका आधी चाचरली, मग कबूल झाली. तिनेही दसऱ्याला एक मुहूर्ताची नोंद केली होती. बघून सांगते म्हणाली. जुन्या नोंदी जागेवर होत्या. मुहूर्ताची तेवढी गायब.

यामिनी उठली ती थेट सर्व्हरच्या खोलीत गेली आणि एक नंबरचं झाकण पुन्हा काढलं. या वेळी त्या पाकळ्यांकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग बाहेर येऊन भीमाला विचारलं.

"दोन दिवस समई विझू द्यायची नव्हती. मग तेल कोण घालत होतं?"

"ते व्हय? गंधारसाहेब. खंडेनवमीच्या दुपारी आल्ते, दसऱ्यालाबी आल्ते."

"मघाशी म्हणालास, कुणीच गेलं नाही!"

"दिव्याला तेल घालायला जानं म्हंजी काय जानं झालं व्हय, म्याडम? देवाचं काम ते."

"खंडेनवमीला किती वेळ आत होते?"

भीमाने डोकं खाजवलं. "आता तुमी म्हनता तर... लई येळ हुते. दार लावून बसल्ते. मला वाटलं जप करत असतील."

बैठकीला अजून अवकाश होता. यामिनी केबिनमध्ये एकटी बसली. टेबलावर तो नीट बसलेला अहवाल. हे सगळं एकट्या तिला कळलं होतं. ती काही बोलली नाही, तर ज्या माणसाने तिला मातीत घातलं तो आज रात्री कोठडीत झोपेल. तिला ते हवं होतं. मनापासून हवं होतं. तिने पेन पुन्हा उचललं.

आणि तिला आठवलं, तिचं नाव कुणी सुचवलं ते.

अस्सं! जिल्ह्यात माहीतगार काय थोडे होते? पण शामकांतांच्या नावाने तळतळणारी ती एकटीच. हिला बोलवा, ही डोळे मिटून सही करील. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची, आणि खांदा हिचा! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं जपलेला राग एका परक्या पोराने न विचारता वापरायला घेतला होता. तिने अहवाल फाडला.

बैठकीच्या खोलीत सगळे होते. मनकर्णाताई, संचालक, फौजदार सविताबाई, शामकांत, गंधार, करण, भीमा.

"नोंदी शामकांतरावांनी पुसलेल्या नाहीत," यामिनीने सुरुवात केली.

शामकांतांनी डोळे मिटून घेतले. गंधारची मान झटकन वर झाली.

"पर पुरावा?" ताईंनी विचारलं.

"पुरावा सांगतो की खंडेनवमीच्या दुपारी नगरच्या मशीनवर पुसलं. तसं असतं तर त्याच क्षणी बेलापूरलाही पुसलं गेलं असतं, कारण ती दोन मशीनं त्या दिवशी एकत्र चालू होती. पण दसऱ्याला बेलापूरच्या पडद्यावर सगळ्या नोंदी होत्या. कुणी पाहिल्या ते मी सविताबाईंना सांगितलंय. शिवाय दसऱ्याला केलेल्या नोंदीही गेल्या, आणि त्या फक्त बेलापूरच्या नाहीत. ज्या गटाशी कुणाचं वैर नाही, तिथलीही दसऱ्याची नोंद गेली. म्हणजे तिन्ही मशीनांवर एक शिळी प्रत चढली. अशी प्रत, जिला दसरा माहीतच नव्हता."

"दसऱ्याला बंद असलेलं मशीन कोणतं?" सविताबाई म्हणाल्या.

"एक नंबर. खंडेनवमीला कुणीतरी ते एकट्याने सुरू केलं, बाकीच्या दोघांशी जोडणाऱ्या तारा काढून. त्यातल्या बेलापूरच्या नोंदी पुसल्या. हुकूम शामकांतरावांच्या नावाने नगरहून आल्याची खोटी नोंद घातली. मग त्या एकट्या पंचाला जबरदस्तीने प्रमुख केलं आणि मशीन बंद करून तारा परत जोडल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बटण दाबलं. प्रमुख म्हणाला, माझंच खरं. बाकीच्या दोघांनी ऐकलं."

"पर त्ये बंदच हुतं! हार घातल्याला आमी पायला," करण म्हणाला.

"हार होता, म्हणूनच कळलं. सर्व्हरचे पंखे पुढून हवा ओढतात. बंद मशीनवरचा हार जागच्या जागी सुकतो. इथे पाकळ्या आतल्या जाळीपर्यंत ओढल्या गेल्यात. मशीन बंद करून हार घातला आणि हार काढून मशीन सुरू केलं, हे मला गंधारनेच सांगितलं. मग हार अंगावर असताना पंखे फिरले कधी?"

यामिनी शामकांतांकडे वळली.

"त्या दुपारी शामकांतराव नगरला होते. वीस साक्षीदार आहेत. ज्या गोष्टीने ते अडकले तिनेच ते सुटतात, कारण हे काम इथे, सर्व्हरच्या खोलीत बसून झालंय. करण गावाला होता. खोलीत एकच माणूस गेला, आणि तो गेला असं कुणाला वाटलंच नाही. कारण तो समईत तेल घालायला गेला होता. पासवर्डही त्याला माहीत. फक्त लोक दसऱ्याच्या मुहूर्तावर चोरून नोंदी करतात, हे त्याला माहीत नव्हतं. तुम्हा हेड ऑफिसवाल्यांपैकी कुणालाच नव्हतं."

सगळ्यांच्या माना गंधारकडे वळल्या. त्याने नाकबूल केलं नाही. तो यामिनीकडेच बघत होता.

"तुम्हाला तर आनंद व्हायला हवा होता, मॅडम," तो म्हणाला. "तुमची गोष्ट हे आम्हाला दमात घ्यायला सांगायचे. 'यामिनीचं काय झालं, माहीत आहे ना?' गेल्या हंगामात गाळप चालू असताना यांनी मशीन बंद करायला लावलं, सगळं कोसळलं, आणि चूक माझ्या नावावर. कायम होण्याची ऑर्डर रद्द झाली. माझे वडील आयुष्यभर शिक्षक. ते यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. यांनी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही."

"म्हणून बेलापूरचा ऊस?"

"ऊस वाळला नसता. नोंदी परत घेता येतात, मला माहीत होतं. माणसाची अब्रू तेवढी परत येत नाही. ती मला यांची घालवायची होती."

"माझा राग माझा होता, गंधार," यामिनी म्हणाली. "तो तू मला न विचारता वापरलास. त्याबद्दल मी तुला सोडणार नाही."

सविताबाई उठून गंधारच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. शामकांतांनी रुमालाने कपाळ पुसलं, कोट सारखा केला आणि ते संचालकांकडे वळले. जीवात जीव आला तसा आवाजही आला होता.

"मला खात्रीच होती. यामिनी शेवटी माझ्याच हाताखाली तयार झालेली..."

"थांबा," यामिनी म्हणाली. "पगाराची माहिती कुणी उडवली होती, शामकांतराव?"

"तो विषय आत्ता..."

"आत्ताच. तुमच्यावरचं बालंट मी निवारलं. मी गप्प बसले असते तर तुम्ही आता पोलिसांच्या गाडीत असता. कुणी उडवली होती?"

ते संचालकांकडे बघू लागले. कुणी मदतीला येईना.

"बोला की साहेब," मनकर्णाताई म्हणाल्या.

"चूक माझी होती," शामकांत म्हणाले. मग, न विचारता, आणखी खालच्या आवाजात, "दोन्ही वेळची."

यामिनीला ते गोड लागलं. खोटं कशाला बोला, फार गोड लागलं. पण ते ऐकताना गंधारच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि सविताबाईंचा हात त्याच्या दंडावर होता. हे एवढं वाक्य गेल्या वर्षी कुणी वदवून घेतलं असतं, तर हा पोरगा आज घरी गेला असता.

पोर्चमध्ये एक वृद्ध गृहस्थ उभे होते. स्वच्छ धोतर, हातात छत्री. कुणीतरी फोन करून बोलावलं असावं. ते गंधारचे वडील, हे विचारावं लागलं नाही.

यामिनी त्यांच्यापाशी थांबली. गेल्या हंगामातली चूक त्यांच्या मुलाची नव्हती, साहेबांनी सगळ्यांसमोर कबूल केलं, हे तिने त्यांना आधी सांगितलं. मुलाने काय केलं ते त्यानंतर.

त्यांनी दोन्ही ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "मग बाई, मी त्या माणसापुढे हात जोडले ते कशाबद्दल?"

"हे मला नका विचारू, गुरुजी," यामिनी म्हणाली. तिने त्यांच्या हातातली छत्री घेतली, त्यांना धरून आत नेलं आणि बैठकीच्या खोलीचं दार उघडलं. शामकांत अजून तिथेच बसले होते.

"यांना विचारा."